संगणकजालातील अग्रक्रमांचा संघर्ष

दिल्ली-मथुरा लोहमार्गावरील फरीदाबाद येथे राजधानी एक्स्प्रेसला वाट देण्यासाठी साधी उपनगरी गाडी थांबविली जाते. परंतु अपघातस्थळी निघालेली मदतगाडी राजधानीच्याही आधी सुटते. हा क्रम गाडीचा चालक नव्हे, तर नियंत्रण कक्ष ठरवितो. संगणकजालात मात्र असा एकच नियंत्रक बहुधा नसतो.

जालावरून संदेश लहान लहान तुकड्यांनी, म्हणजे पॅकेटांनी, जातो. १९८१ च्या इंटरनेट नियमांत प्रत्येक पॅकेटवर अग्रक्रमाच्या आठ श्रेणींची सोय होती. १९९८ मध्ये सहा बिटांच्या ६४ खुणांची योजना आली. तीत ४६ ही खूण सामान्यतः आवाजासाठी वापरतात, कारण संभाषणाला सुमारे १५० मिलिसेकंदांहून अधिक विलंब सोसत नाही.

समजा, फरीदाबादच्या एका कारखान्याची पुण्याच्या कचेरीशी दर सेकंदास १० मेगाबिट क्षमतेची जोडणी आहे. कचेरीने दूरध्वनीस, व्यवस्थापनाने दृक्‌सभेस आणि कारखान्याने यंत्रबिघाडाच्या सूचना व मोजमापे यांस ४६ हीच खूण दिली. त्यांची मागणी अनुक्रमे ३, ६ व ४, एकूण १३ मेगाबिट झाली. आता सर्वच पहिले. म्हणजे पहिला कोणीच नाही. टपाल व हिशेब तर अडतातच, पण अग्रक्रमाच्या रांगेतूनही पॅकेटे गळतात आणि त्यांत बिघाडाची सूचनाही असू शकते.

यावर उपाय तीन. पहिला, पाठविणाऱ्याची खूण ही केवळ विनंती मानावी व जालाच्या सीमेवरील राउटरने ती तपासून बदलावी. दृक्‌सभेस, उदाहरणार्थ, ३४ ही खूण द्यावी आणि मोजमापे सामान्य रांगेत पाठवावीत. दुसरा, सर्वोच्च श्रेणीस मर्यादा घालावी. ती भरल्यावर नवा दूरध्वनी नाकारणे हे चालू असलेले सर्व बिघडविण्यापेक्षा बरे. तिसरा, उरलेली क्षमता ठरावीक प्रमाणात वाटावी, म्हणजे शेवटच्या रांगेसही तिचा वाटा मिळेल.

दोन शहरांमधील दूरसंचार कंपनीचे धोरण आणखी वेगळे असते. तेथे खुणांचा अर्थ कराराने ठरवावा लागतो, अन्यथा त्या वाटेतच पुसल्या जातात. सार्वजनिक इंटरनेटवर तर हा प्रश्न कायद्याचा होतो. भारतात २०१८ मध्ये सेवादात्यांना आशयानुसार भेदभाव करण्यास मनाई करण्यात आली. वाजवी वाहतूक-व्यवस्थापनास मात्र मुभा राहिली. तात्पर्य, अग्रक्रम देणे हे यंत्राचे काम असले, तरी तो कोणी, कोणास व किती द्यावा, हे माणसांनी आधी एकत्र बसून ठरविले पाहिजे.