अरुंद नौकेचे स्थैर्य

लाकडी पाट हौदातील पाण्यावर आडवा सोडला तर तो निवांत तरंगतो. तोच कडेवर उभा सोडला तर तत्काळ कलंडतो. असे असता लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी माणसे मुद्दाम अरुंद नौका का बांधतात, आणि ती उलटू नये म्हणून कोणते उपाय योजतात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पाण्याच्या खेळांशी मराठवाड्यातील मुलांचा संबंध काय, असे कोणी विचारील. त्यास उत्तर जवळच आहे. नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोही या कोरडवाहू गावचे दत्तू भोकनळ २०१२ साली सैन्यात गेले, तेथे पुण्यास वल्हवू लागले आणि २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये एकेरी शर्यतीत तेरावे आले. पुढे २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून त्यांनी सुवर्णपदक मिळविले. शिवाय गोदावरी अडवून झालेला पैठणचा विस्तीर्ण नाथसागर आपल्याच जिल्ह्यात आहे.

भोकनळ यांची नौका अरुंदच. परंतु तिच्या दोन्ही अंगांस जखडलेली लांब वल्ही पाण्यावर टेकली म्हणजे तोल सावरतात. कयाक या नौकेस तो आधार नाही. तीत बसणारा पुढे तोंड करून बसतो व दोन पात्यांचे एकच वल्हे हातात मोकळे धरतो. लांब शर्यतीची एकेरी कयाक फार तर ५.२० मीटर लांब असते, आणि तिचे वजन ८ किलोग्रॅमपर्यंत कमी असू शकते. तीत ६० किलोग्रॅमचा मनुष्य बसला म्हणजे सारा भार त्या मनुष्याचाच. यास्तव तो हलला की नौका हलते.

आता यामागील शास्त्र पाहू. नौका एका अंगास कलली की त्या बाजूचा अधिक भाग पाण्यात बुडतो, आणि पाणी त्यास वर रेटून नौका सरळ करू पाहते. ही सावरण्याची शक्ती मुख्यत्वे पाण्याच्या रेषेवरील रुंदीवर अवलंबून असते, व तीही रुंदीच्या घनाच्या प्रमाणात. रुंदी ४० सेंटीमीटरची ६० केली, म्हणजे दीडपट वाढविली, तर रुंदीमुळे मिळणारा हा आधार सुमारे ३.४ पट होतो. याच्या उलट, भार जितका उंच तितकी नौका कलंडण्यास उत्सुक. मग रुंद नौकाच का घेऊ नये? कारण ती अधिक पाणी लोटते, आणि सुमारे ३० किलोमीटरांच्या शर्यतीत त्या विरोधाचे मोल प्रत्येक वल्ह्यागणिक द्यावे लागते.

यास्तव रुंदी न वाढविता स्थैर्य वाढविण्याचे उपाय असे :

पहिला, बैठक खाली आणणे. एकदोन सेंटीमीटरांनीही फरक जाणवतो. मात्र ती फार खाली गेली तर हात पाण्यावर नीट पोहोचत नाहीत.

दुसरा, पाण्याची बाटली व इतर सामान तळाशी, मध्यभागी आणि घट्ट बांधून ठेवणे.

तिसरा, पायांस पक्का टेकू देऊन कंबर सैल ठेवणे. नौका डोलेल तेव्हा कमरेखालील भाग तिच्याबरोबर डोलावा. छाती व मस्तक सरळ राहावे. भीतीने ताठ बसणारा प्रथम पडतो.

चौथा, वल्हे चालू ठेवणे. पाण्यात रुतलेले पाते आधारच होय. नौका कलू लागल्यास पात्याची सपाट बाजू त्या अंगास पाण्यावर दाबावी.

आमच्या कोकणच्या कोळ्यांनी निराळीच युक्ती योजिली. होडीच्या एका बाजूस दांड्यांच्या टोकांवर तरंगता ओंडका बांधतात. त्यास उलांडी म्हणतात. तिने अरुंद होडीही लाटांत टिकते. शिकाऊ मुलाच्या कयाकलाही असे तरंगक काही दिवस लावता येतात. शर्यतीच्या नौकेस मात्र त्यांचा अडथळाच होईल.

तथापि मुख्य गोष्ट निराळी आहे. हात तोल सांभाळण्यात गुंतले तर पुढे जाण्यास बळ उरत नाही. म्हणून अतिअरुंद नौकेत थरथरत बसणाऱ्यास किंचित रुंद नौकेतील निश्चिंत सोबती मागे टाकतो. नौका निवडताना सकाळच्या शांत पाण्यावरील कसोटी पुरेशी नव्हे. थकलेल्या अंगाने, वाऱ्याच्या लाटांत जीत सरळ वल्हवता येईल तीच आपली नौका. सराव वाढेल तशी ती अरुंद करावी. केवळ दिमाखासाठी अरुंद नौका मागणे हे शहाणपण नव्हे.

नजरही महत्त्वाची. शिकणारा जवळच्या लाटेकडे पाहू लागला की त्याचे मस्तक झुकते व तोल जातो; म्हणून दृष्टी दूर किनाऱ्यावर ठेवावी. गालील समुद्रावर पेत्र वारा पाहून भ्याला तेव्हा बुडू लागला, ही कथा आमच्या विद्यार्थ्यांस परिचितच आहे.

पालकांस एक विनंती. पोहता न येणाऱ्या मुलास नौकेत बसू देऊ नये. पोहणाऱ्यासही लाइफ जॅकेटवाचून वा जाणत्या शिक्षकावाचून जाऊ देऊ नये. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेथे परवानगीशिवाय नौका नेऊ नये. उघड्या पाण्यावर वारा सुटला की लाटा लवकर उठतात. प्रथम काठालगत, छातीइतक्या पाण्यात, नौका मुद्दाम उलटवून बाहेर पडण्यास शिकावे. ज्यास उलटण्याचे भय उरले नाही, त्याची कंबर सैल राहते. आणि ज्याची कंबर सैल, त्याची नौका सहसा उलटत नाही.