हुमणीच्या भुंग्यांसाठी प्रकाश सापळा : वळवात टिकेल असा



ऑगस्ट-सप्टेंबरात उसाची बेटे पिवळी पडून हाताने उपटून येऊ लागली, की सगळे हुमणीच्या नावाने ओरडतात. तोवर अळी थोराड झालेली असते, औषध तिच्यापर्यंत पोचणे अवघड. भुंगा मात्र वळवाचा दमदार पाऊस झाला की मे-जूनात तिन्हीसांजेला जमिनीतून वर येतो आणि बाभळी-कडुनिंबावर बसतो. एक मादी ५० ते ६० अंडी घालते. सापळा लावायचा तो याच दिवसांत, आणि वादळवाऱ्याचे दिवसही नेमके हेच. पातळ पत्र्याचा सापळा पहिल्याच वावटळीत आडवा होतो.

म्हणून आमचे सांगणे असे. सापळा टांगू नये. लोखंडी तिवई करून तिचे पाय २ फूट गाडावेत. नरसाळे जस्ती पत्र्याचे घ्यावे. त्याचा गळा २ इंचांहून अरुंद नको, नाहीतर पाने-भुंगे अडकून बोळा बसतो. दिव्याभोवती पत्र्याच्या ३ उभ्या पट्ट्या लावाव्यात, म्हणजे घिरट्या घालणारा भुंगा आपटून खाली पडतो. वर रुंद टोपी हवीच. तापलेल्या काचेवर गार थेंब पडला की बल्ब तडकलाच! वायरचा जोड उघड्यावर ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको.

खरी गोम बादलीत आहे. रॉकेल पाण्यावर तरंगते. पावसाने बादली भरून सांडली, की आधी रॉकेलच वाहून जाते. काठाजवळ भोक पाडले तरी तेच. त्यापेक्षा बुडाशी नळी बसवून ती बाहेरून वर वाकवावी व तिचे तोंड काठाच्या ४ बोटे खाली ठेवावे. जादा पाणी तळातून निघून जाते, रॉकेल जागेवर राहते. नळीच्या आतल्या तोंडाला जाळी लावावी. रॉकेल मिळाले नाही तर डिझेल चालते.

सापळा उसात नको, बाभळीजवळच्या बांधावर असावा. बरेच भुंगे बादलीत न पडता आसपास पडतात, ते बॅटरी घेऊन वेचावेत. दिवा ७ ते ९॥ एवढाच लावावा; रात्रभर ठेवला तर मित्रकीटकही मरतात.

रोज सकाळी भुंगे मोजून वहीत लिहावेत, शेजारी पाऊस, वारा, चांदणे यांची नोंद करावी. पौर्णिमेच्या सुमारास आकडा घसरतो, म्हणजे भुंगे सरले असे नव्हे. दिवा आणि जागा मध्येच बदलू नये, नाहीतर कालचा आकडा आजच्याशी ताडता येत नाही. आकडा चढू लागला, की त्याच रात्रीपासून सबंध शिवाराने मिळून झाडे हलवून भुंगे गोळा करावेत. शेजारच्या बांधावरचा भुंगा अंडी घालायला आपल्याच उसात येतो.