घराण्याचे नाव आणि माणसाची करणी



सोयरीक जमवताना आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "घराणे कोणते?" या प्रश्नाच्या उत्तरातून माणूस कितपत कळतो, हे दोन थोर घराण्यांकडे पाहून समजून घेऊ.

पहिले घराणे आपल्याच मातीतले. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे बहुतेक इतिहासकार मानतात. राजधानी पुढे मान्यखेटला, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेडला गेली, तरी मूळ गावाचे बिरूद त्यांनी सोडले नाही. नांदेड जिल्ह्यातील कंधारलाही त्यांच्या खुणा आहेत. वेरूळचे कैलास लेणे याच घराण्यातील पहिल्या कृष्णाच्या काळातले.

या कृष्णाचा धाकटा मुलगा ध्रुव. इ.स. ७८० च्या सुमारास त्याने सख्ख्या थोरल्या भावाला हटवून गादी घेतली. पुढे इ.स. ८१४ मध्ये ध्रुवाचा नातू अमोघवर्ष कोवळ्या वयात राजा झाला. बंडे झाली आणि गादी गेली. तेव्हा गुजरातेतून त्याचा चुलतभाऊ कर्क मदतीला आला. कर्कही ध्रुवाचाच नातू. पण त्याने इ.स. ८२१ च्या सुमारास वडील हरपलेल्या त्या भावाला पुन्हा गादीवर बसविले. अमोघवर्षाने एकूण सुमारे ६४ वर्षे राज्य केले. रक्त एकच, पण आजोबांची करणी एक आणि नातवाची दुसरी.

दुसरे घराणे रोमचे, कर्नेलिया. इ.स.पू. २०२ मध्ये हॅनिबलला हरवून रोमला वाचवणारा स्किपिओ या घराण्यातला. इ.स.पू. ८८ मध्ये स्वतःच्याच शहरावर सैन्य घेऊन चालून गेलेला सुल्लाही याच घराण्यातला. सुल्लाने दहा हजारांहून अधिक गुलामांना मुक्त केले आणि रोमन रीतीप्रमाणे तेही कर्नेलियस हेच नाव लावू लागले. सरदारांचे नाव असे साध्या माणसांचेही झाले.

'प्रेषितांची कृत्ये' अध्याय १० मधला शताधिपती कर्नेल्य आपण ओळखतो. त्याचे नाव तेच. त्याचे पूर्वज सरदार होते की गुलाम, हे शास्त्रलेख सांगत नाही. त्याची प्रार्थना आणि त्याचा दानधर्म मात्र आवर्जून सांगतो.

घराण्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण स्थळ पाहताना दुसऱ्याला त्याच्या घराण्यावरून कमी लेखू नये.

घरी विचार करा :
१. आपल्या घराण्यात कर्कासारखे कोण वागले?
२. भावाभावांत वाटणीची वेळ आली, तर आपण कोणासारखे वागू, ध्रुवासारखे की कर्कासारखे?