कोल्हा मेला, पण कोणत्या दगडाजवळ?

नायगावहून नरसीमार्गे देगलूरकडे जाणारा रस्ता पुढे हैदराबादला जातो. गोदावरी आणि मांजरा यांच्यामधला हा शेतीचा मुलूख. रस्ता ओलांडणाऱ्यांत रोही, काळवीट, रानडुक्कर, कोल्हा, ससा, मुंगूस, धामण, सगळेच आले. “आमच्या इथंच जास्त मरतात” असं कुठल्याही ढाब्यावर ऐकायला मिळतं, आणि प्रत्येक ढाबेवाला आपल्या ढाब्यासमोरचीच जागा दाखवतो. खरी जागा शोधायची तर वही लागते.

काय करावे

• रस्त्याचा एक पट्टा ठरवून त्याचे तुकडे पाडावेत. समजा, ३० किलोमीटरचे ५००-५०० मीटरचे ६० तुकडे. जागा फोनमधल्या अक्षांश-रेखांशाने टिपावी. किलोमीटरच्या दगडाचा आकडाही लिहावा, पण भिस्त त्यावर ठेवू नये. रुंदीकरणात दगड हलतात.

• ठरलेल्या दिवशी, उजाडताच निघावे. उशीर झाला की कावळे, कुत्री आणि ट्रकची चाकं पुरावा संपवतात. बेडूक, पाखरू, उंदीर असले लहान जीव बहुधा एका दिवसात नाहीसे होतात.

• काहीच सापडलं नाही, तर तेही लिहावे: तारीख, वेळ, “० सापडले”. या रकान्याचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. पण तुम्ही एका तुकड्यावरून चाळीसदा गेलात आणि दुसऱ्यावरून चारदा, तर पहिल्यात जास्त नोंदी होणारच. त्यात प्राण्यांपेक्षा तुमच्या फेऱ्यांचाच हिशेब दिसेल.

• फोटोत चप्पल किंवा पेन ठेवावे, म्हणजे आकार कळतो. ताजं की जुनं, कोणती बाजू, दोन्हीकडे कोणतं पीक, नाला, मोरी, दुभाजक, वेड्या बाभळीचं रान, ढाब्यामागचा कोंबड्यांचा कचरा, हे सगळं जागेवरच लिहून घ्यावे. घरी आल्यावर आठवत नाही.

• दोघांनी जावे. एकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने पाहावे. चारचाकीतून रोही दिसतो, बेडूक दिसत नाही. म्हणून मोजके तुकडे पायीही करावेत, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने.

• वर्षभर नोंद ठेवावी. पहिल्या पावसाच्या रात्री बेडूक आणि त्यांच्यामागे साप रस्त्यावर येतात. सोयाबीन काढलं की शिवार उघडं पडतं आणि लपलेली जनावरं आसरा शोधत हलतात. तूर उभी असेपर्यंत तिचा आडोसा. हिवाळ्यात हिरवा हरभरा एका बाजूला आणि दिवसाची बसण्याची जागा दुसऱ्या बाजूला असली, की मधला रस्ता रोजचा. उन्हाळ्यात पाणी. म्हणजे ऑक्टोबरची वाईट जागा मे महिन्यात साधी असू शकते.

• नकाशावर लाल ठिपका लावण्याआधी एक खेळ खेळावा. १ ते ६० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाका, लकी ड्रॉसारखी एक काढा, आकडा लिहा, चिठ्ठी परत टाका. असं ६० वेळा. निव्वळ नशिबाने पाचेक आकडे तीन किंवा जास्त वेळा येतील आणि विसाहून अधिक आकडे एकदाही येणार नाहीत. तेव्हा ६० नोंदींपैकी तीन एका तुकड्यात सापडल्या, म्हणून ओरड करण्यासारखं काही नाही. पाच-सहा सापडल्या, शेजारचे तुकडेही जड निघाले आणि पुढच्या वर्षी तेच घडलं, तर मात्र थांबून पाहावे. चेक संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलेली ‘केडीई प्लस’ पद्धत याच विचारावर चालते. फक्त चिठ्ठ्या संगणक काढतो.

काय टाळावे

• सगळे जीव एकाच बेरजेत घालू नयेत. पाणथळीजवळच्या दोनशे बेडकांखाली चार रोही दडपले जातात. रोह्यामुळे दुचाकीवाल्याचाही जीव जातो, म्हणून त्याचा हिशेब वेगळाच हवा.

• दूधगाडीवाले, एसटीचे चालक, १०८ रुग्णवाहिकेवरची माणसं यांना जरूर विचारावे, पण त्यांची माहिती फेरीच्या नोंदीत मिसळू नये. पोलीस पंचनामेही अपुरे. मुंगसाचा पंचनामा कोण करतं?

• मेलेल्या प्राण्याला हात लावू नये, मोराचं पीसही उचलू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३९ नुसार असा मृत वन्यप्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. जखमी दिसला तर गर्दी करू नये, तोंडात पाणी ओतू नये. वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ १९२६ आणि राष्ट्रीय महामार्गाची १०३३ या मदतवाहिन्यांना कळवावे.

• कोरा तुकडा म्हणजे सुरक्षित तुकडा, असं धरू नये. वाहतूक फार वाढली की जनावर रस्त्यापाशी येऊन मागे फिरतं. किंवा तिथले प्राणी आधीच संपलेले असतात.

• दर किलोमीटरला “पुढे वन्यप्राणी” अशी पाटी मागू नये. सगळीकडे लावलेली पाटी कुणी वाचत नाही.

• एकदम भुयारी मार्गाची मागणी घेऊन नांदेडच्या उपवनसंरक्षक कार्यालयात जाऊ नये. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली ५० ते ७५० मीटर लांबीच्या नऊ जागा मोकळ्या ठेवल्या आहेत. २०१९ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यांनी १८ जातींचे प्राणी ये-जा करताना टिपले. पण तो वाघांचा मुलूख. आपल्याकडे आधी जड तुकड्यातल्या मोऱ्या वाकून पाहाव्यात: गाळ साचला आहे का, तोंडाशी काटे टाकलेत का, पलीकडचा उजेड दिसतो का. संध्याकाळी मोरीच्या तळाला चाळलेली माती पसरावी आणि सकाळी बॅटरी घेऊन पाहावे, कोल्हा गेला की फक्त गावचं कुत्रं.