मल्लांची स्वाक्षरीची छायाचित्रे: एक छंद व एक पाठ

संग्रहाची आवड मुलांच्या ठायी उपजतच असते. गोट्या, काड्यापेटीवरील चित्रे, पोस्टाची तिकिटे यांपासून तिचा आरंभ होतो. ज्या गावांत तालीम आहे आणि जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो, तेथील मुले मल्लांची छायाचित्रे जमवितात आणि संधी साधून त्यांवर स्वाक्षरी घेतात. पुष्कळ शिक्षकांस हा छंद अभ्यासातील व्यत्यय वाटतो. परंतु योग्य मार्गदर्शन लाभल्यास, एखादी गोष्ट खरी कशावरून मानावी हे शिकविणारा याहून सोपा पाठ प्राथमिक शाळेत क्वचितच सापडेल. इयत्ता चौथी ते सातवीसाठी तो कसा घ्यावा, हे पुढे दिले आहे.

१. मल्लाची ओळख

प्रथम हौशी व धंदेवाईक मल्ल यांतील भेद सांगावा. कराडनजीकच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे हौशी मल्ल होते. १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिक स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळात लाभलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. कुस्ती हाच ज्यांच्या उपजीविकेचा व्यवसाय, ते धंदेवाईक मल्ल. पंजाबातील दारासिंग हे त्यांतील सर्वपरिचित नाव. १९६८ साली मुंबईत त्यांनी अमेरिकेच्या लू थेझ यांस हरविले. जत्रेत इनामाच्या कुस्त्या लढून प्रपंच चालविणारा आपल्याकडील मल्लही व्यापक अर्थाने याच वर्गात येतो. मात्र पाश्चात्त्य धर्तीच्या धंदेवाईक कुस्तीत लढतीचा निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो, तर जत्रेतील निकाली कुस्ती पाठ टेकेपर्यंत चालते. हा फरक मुलांपासून लपवू नये.

धंदेवाईक मल्लास आपले नाव दूरवर पोहोचवावे लागे, म्हणून छायाचित्रास महत्त्व आले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये जॉर्ज हॅकनश्मिट या मल्लाची छायाचित्रे पोस्टकार्डांवर छापून विकली जात. पुढे सामन्याच्या जागी स्वतःची छायाचित्रे स्वाक्षरी करून विकणे हा अनेक धंदेवाईक मल्लांच्या मिळकतीचा एक भाग झाला.

२. खरेखोटे पारखणे

मुलांना पुढील चार गोष्टी प्रत्यक्ष करावयास लावाव्यात.

(अ) छायाचित्र उजेडात तिरपे धरावे. हाताने केलेल्या स्वाक्षरीची शाई पृष्ठभागावर निराळी चमकते. स्वाक्षरीसकट छापलेल्या प्रतीत ती चित्राशी एकरूप दिसते.

(आ) भिंगातून पाहावे. छापील प्रतीत अक्षरे बारीक ठिपक्यांची बनलेली आढळतात. लेखणीच्या रेघेत ठिपके नसतात, आणि रेघ रेघेस छेदते तेथे शाई बहुधा गडद दिसते.

(इ) एकाच मल्लाच्या दोन स्वाक्षऱ्या ताडून पाहाव्यात. खऱ्या स्वाक्षऱ्या सारख्या असतात, पण तंतोतंत एकच कधी नसतात. तशा आढळल्यास रबरी शिक्क्याचा संशय घ्यावा.

(ई) दिनांक तपासावा. खाशाबा जाधव १९८४ साली व दारासिंग २०१२ साली निवर्तले. त्यानंतरचा दिनांक स्वाक्षरीखाली असल्यास ती त्यांची असणे शक्य नाही. येथे वजाबाकीचा उपयोग मुलांना आपोआप कळतो.

छायाचित्र कशाचे आहे, हेही पाहावे. दूरदर्शनवर १९८७ साली सुरू झालेल्या ‘रामायण’ मालिकेत दारासिंग हनुमान झाले होते. त्या वेषातील छायाचित्र नटाचे होय, आखाड्यातील मल्लाचे नव्हे. दोन्ही संग्रहात असावीत, पण नोंद निराळी हवी.

३. जतन व नोंद

गुळगुळीत कागदावर दौतीची शाई पसरते व बॉलपेनचा ओरखडा उठतो, म्हणून मार्कर वापरावा आणि स्वाक्षरी पूर्ण वाळू द्यावी. छायाचित्र खळीने किंवा चिकटपट्टीने न डकविता कागदी कोपऱ्यांत बसवावे व उन्हापासून दूर ठेवावे. मागील बाजूस मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे: मल्लाचे नाव, गाव, तालीम, स्वाक्षरी कोठे, केव्हा व कोणासमक्ष घेतली. नोंदीवाचून संग्रह म्हणजे नुसता ढीग होय.

४. एक अनुभव

मी शिक्षक असताना वर्गातील मुलांच्या अशा संग्रहाचे प्रदर्शन भरविले होते. एका मुलाने आपल्याच गावच्या वृद्ध मल्लाचे छायाचित्र आणले. त्यावर स्वाक्षरी नव्हती. निळ्या शाईचा अंगठा उमटविलेला होता. ‘ही स्वाक्षरी नव्हे’ असे सांगून मी ते बाजूस ठेविले. मुलगा काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ धुतलेला फेटा बांधून प्रदर्शन पाहावयास आले. त्यांस वाचता येत नव्हते, पण चेहरे ओळखता येत होते. फळ्यावरील प्रत्येक छायाचित्र त्यांनी सावकाश न्याहाळले. शेवटच्या छायाचित्रापाशी क्षणभर थांबून ते पुन्हा पहिल्याकडे गेले. मग ‘चांगलं केलंय, गुरुजी’ एवढेच म्हणून निघून गेले. आपले छायाचित्र कोठे आहे, असे त्यांनी विचारले नाही.

त्या रात्री मला माझी चूक उमगली. सही न करू शकणाऱ्या माणसाचा अंगठा कागदपत्रांवर ग्राह्य धरला जातो. दोन माणसांच्या अंगठ्यांच्या रेषा सारख्या आढळत नाहीत. मुलाने मागे दिवस, वेळ व दोन साक्षीदार नोंदविले होते. म्हणजे मीच शिकविलेल्या प्रत्येक कसोटीस फळ्यावरील जे चित्र निःसंशय उतरत होते, तेच मी दूर केले होते. सकाळी मी ते मध्यभागी लावले व वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली. ते गृहस्थ मात्र पुन्हा आले नाहीत.

५. शिक्षकांस सूचना

मुलांस छायाचित्रे विकत घेण्याचा आग्रह करू नये. वर्तमानपत्रातील चित्रापासून आरंभ करावा. फडावर मुलांना एकटे पाठवू नये. स्वाक्षरीसाठी मल्लास पत्र लिहविल्यास पत्रलेखनाचा पाठ होतो. सोबत परतीचे तिकीट लावलेला लखोटा धाडावा. मुलींनाही या उपक्रमात घ्यावे; २०१६ साली रिओ येथे साक्षी मलिक यांनी कुस्तीत ऑलिंपिक पदक मिळविले, हे त्यांस अवश्य सांगावे. आणि गावातील वृद्ध मल्लाकडे मुलांना आधी पाठवावे. त्याने सही केली तर सही घ्यावी, अंगठा दिला तर अंगठा घ्यावा. दोहोंस वहीत सारखाच मान असावा.