अपवाद कुणाच्या हातात?

झाशीच्या सीपरी बाजारातल्या कुठल्याही जुन्या दुकानाचं छापील बिल घ्या. तळाशी बारीक अक्षरांत दोन मजकूर हमखास सापडतात. एक, 'सब्जेक्ट टू झाशी ज्युरिस्डिक्शन', म्हणजे तंटा झाला तर तो इथल्याच कोर्टात. दुसरा, 'ई. अँड ओ. ई.' याचा विस्तार 'एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड'. बिलात नजरचूक झाली असेल किंवा काही लिहायचं राहून गेलं असेल तर ते आम्हाला बंधनकारक नाही, मागाहून दुरुस्त करू, असा त्याचा अर्थ. काही दुकानदार हौसेनं तो विस्तार पूर्ण छापतात आणि 'एक्सेप्टेड'चं स्पेलिंग 'वगळून'ऐवजी 'स्वीकारलं' या अर्थाच्या शब्दाचं करतात. उच्चार जवळपास तोच. मग बिलच सांगू लागतं, की आमच्या चुका आम्हाला मान्य आहेत!

बिलावर हे खपून जातं, कारण ती ओळ कुणी वाचतच नाही. माझ्या भाडेकरारात तीच गंमत झाली आणि ती खपली नाही.

करार अकरा महिन्यांचा, इंग्रजीतला, घरमालकानं कचहरीबाहेरच्या टंकलेखकाकडून करून आणलेला. घर सोडताना ते घेतलं त्या स्थितीत परत करायचं, 'फेअर वेअर अँड टेअर एक्सेप्टेड', असं एक कलम त्यात होतं. रोजच्या वापरानं होणारी झीज भाडेकरूच्या माथी नाही, एवढाच याचा मूळ अर्थ. पण इथेही टंकलेखकानं 'स्वीकारलं'वालं स्पेलिंग घातलेलं. घर सोडलं तेव्हा घरमालकानं भिंतींवरचे डाग, कुरकुरणारी दारं, झिजलेला उंबरठा यांची यादी पुढे ठेवली आणि रंगरंगोटीचा खर्च अनामत रकमेतून कापला. म्हणाला, "भाईसाहब, लिखा तो है. वेअर अँड टेअर आपने माना है."

कायदा माझ्या बाजूनं होता. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ सांगतं, की भाडेकरूनं मालमत्ता मूळ स्थितीत परत करावी, मात्र वाजवी झीज किंवा अनिवार शक्तीनं झालेले बदल त्याला माफ. पण त्याच कलमाच्या सुरुवातीला आहे, की करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. घरमालक बोट ठेवत होता ते नेमकं याच जागी. कोर्टात त्याचं म्हणणं टिकलं असतं असं मला वाटत नाही, पण रंगाच्या खर्चासाठी कोर्टाची पायरी कोण चढतो? पैसे गेले ते गेले.

या गावात राहून अपवादांविषयी बेफिकीर राहणं मला तेव्हापासून विशेष खटकतं, कारण झाशीचं राज्यच अशा शब्दांच्या ओढाताणीत गेलं. १८१७ साली कंपनी सरकारनं रामचंद्रराव नेवाळकरांशी तह केला. त्याच्या दुसऱ्या कलमात रामचंद्रराव, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांना या मुलखाचे वंशपरंपरागत राज्यकर्ते म्हणून मान्यता दिली होती. दत्तकाला वगळणारा शब्द तिथे नव्हता. १८५३ च्या नोव्हेंबरात झाशीचे तेव्हाचे राजे गंगाधरराव यांनी दामोदरला दत्तक घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी ते वारले. डलहौसीच्या सरकारनं म्हटलं, सार्वभौम सत्तेच्या मंजुरीशिवाय घेतलेला दत्तक वारस धरता येत नाही. म्हणजे तहात नसलेला अपवाद सदतीस वर्षांनी आत घातला. लक्ष्मीबाईंनी १८५४ सालच्या खलित्यात याला दिलेलं उत्तर आजच्या वकिलानंही वाचावं असं आहे. तहाच्या फारसी मसुद्यात 'वारिसान' आणि 'जानशीनान' असे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात रक्ताचे वारस आले, मग दुसरा शब्द दत्तकासाठी नाही तर कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. ओरछा आणि दतिया इथले दत्तक मान्य झाल्याचे दाखलेही त्यांनी दिले. युक्तिवाद बिनतोड होता, पण शब्दाचा अर्थ ठरवणारा आणि राज्य घेणारा एकच होता. १८५४ मध्ये झाशी खालसा झाली.

अपवाद लिहिला म्हणजे भागलं, असंही नाही. सत्तावनच्या उठावानंतर, १ नोव्हेंबर १८५८ ला अलाहाबादेत राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचला गेला. सर्व अपराध्यांना दया मिळेल, 'सेव्ह अँड एक्सेप्ट', म्हणजे ब्रिटिश प्रजाजनांच्या हत्येत प्रत्यक्ष भाग घेतल्याबद्दल दोषी ठरलेले किंवा पुढे ठरतील ते सोडून. 'पुढे ठरतील' या दोन शब्दांत काय मावतं ते पाहा. ठरवणार कोण, कधीपर्यंत, कुठल्या पुराव्यावर? जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरला धारातीर्थी पडल्या होत्या, पण झोकनबागेतल्या इंग्रजांच्या कत्तलीची आठवण ताजी असलेल्या झाशीत या वगळणुकीची छाया कुणावर पडेल, हे कोण सांगणार होतं? अवधच्या बेगम हजरत महल यांनी उलट जाहीरनामा काढून एकेक कलम सोललं. या लिखाणातून कुणीच सुटत नाही, असं त्यांनी लोकांना बजावलं. बारीक अक्षरं वाचणारी एवढी चोख वाचक मला दुसरी माहीत नाही.

स्वतंत्र भारतातही हा प्रश्न संपला नाही. राज्यघटनेच्या कलम २१ नुसार कायद्यानं ठरवलेल्या कार्यपद्धतीखेरीज कुणाचं जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावता येत नाही. १९५० च्या गोपालन खटल्यात यातल्या 'खेरीज'चा अर्थ असा झाला, की संसदेनं केलेली कुठलीही कार्यपद्धती चालेल. ती न्याय्य आणि वाजवीही असावी लागते, हे स्पष्ट व्हायला १९७८ चा मनेका गांधी खटला यावा लागला.

आता रोजच्या लिखाणाकडे. संध्याकाळी शेजारपाजारचे लोक माझ्याकडे इंग्रजी अर्ज तपासायला आणतात. सगळ्यात जास्त घात 'अनलेस' करतो. मराठीत आपण 'जोवर पैसे भरत नाही तोवर' म्हणतो, इथले लोक 'जब तक नहीं' म्हणतात. हा नकार इंग्रजीत तसाच उतरतो. पण 'अनलेस'च्या पोटात नकार आधीच असतो. एका इमारतीत नोटीस लागली होती: 'अनलेस द ड्यूज आर नॉट पेड, वॉटर सप्लाय विल बी स्टॉप्ड.' शब्दशः वाचली तर थकबाकी भरणाऱ्याचंच पाणी तुटायचं! 'अनलेस' किंवा 'अन्टिल'च्या पाठोपाठ 'नॉट' दिसला, की थांबा आणि वाक्य पुन्हा वाचा.

दुसरा सापळा आपल्याच 'शिवाय'चा. 'रमेशशिवाय तिघांना पैसे द्यावेत.' यात रमेशला पैसे मिळणार की नाही? मराठीतही दोन्ही अर्थ निघतात, हिंदीतल्या 'के अलावा'चीही तीच गत आणि इंग्रजीतला 'अपार्ट फ्रॉम' तितकाच दुतोंडी. पैशांचा किंवा हक्काचा मामला असेल तिथे तो वापरूच नका. वगळायचं तर 'एक्सेप्ट', मिळवायचं तर 'इन अडिशन टू'. आणि 'ऑल बट कंप्लीट' म्हणजे 'जवळजवळ पूर्ण' हे ठाऊक नसलेल्या ठेकेदारानं ते बिलात लिहू नये, ठाऊक असलेल्यानं तर मुळीच लिहू नये.

अपवाद कसा लिहावा, याचा उत्तम धडा मला रेल्वेच्या नियमपुस्तकात सापडला. झाशी हे रेल्वेचं गाव, त्यामुळे ते इथे घरोघरी असायचं. थांबा-सिग्नल 'ऑन', म्हणजे थांबायला सांगणारा, असताना चालकानं तो ओलांडू नये. नादुरुस्त सिग्नल ओलांडायचा असेल तर स्टेशनमास्तरचं लेखी अधिकारपत्र हातात हवं, त्याचा टी-३६९ (३बी) हा ठरलेला नमुना आहे. अपवाद केव्हा, कुणाच्या सहीनं, कुठल्या कागदावर, हे सगळं नियमातच. 'आवश्यक असल्यास', 'विशेष परिस्थितीत' असले मोघम शब्द तिथे चालत नाहीत, कारण तिथे चूक झाली तर माणसं मरतात.

म्हणून करार हातात आला, की आधी 'एक्सेप्ट', 'अनलेस', 'सब्जेक्ट टू', 'नॉटविथस्टँडिंग', 'प्रोव्हायडेड दॅट' हे शब्द पेन्सिलीनं खुणा करून शोधा. 'नॉटविथस्टँडिंग' दिसला तर समजा, की हे कलम बाकीच्यांवर मात करणार. तेव्हा ते सगळ्यात आधी वाचा. 'वेअर अँड टेअर एक्सेप्टेड'सारखं शेपूट तर काढूनच टाका. त्याऐवजी सरळ वाक्य घाला: रोजच्या वापरानं झालेली झीज, रंग उडणं, दारं सैल होणं याचा खर्च भाडेकरूकडून घेतला जाणार नाही. टंकलेखक कटकट करेल, करू द्या. आणि घरमालक 'विशेष परिस्थितीत' असं काही घालू म्हणाला, तर ती परिस्थिती कोण ठरवणार, हे कागदावर आल्याशिवाय सही करू नका.