संगणकाच्या माथ्यावरील पांढरा लेप

एप्रिल महिन्यांत कर्जत-खालापुराकडील दुपार कशी असते हें तुम्हांस सांगावयास नको. घाटाच्या पायथ्याशीं वारा पडलेला असतो, पत्रे आणि कौलें तापलेलीं असतात आणि माठांतील पाण्यावांचून दुसरें कांहीं गोड लागत नाहीं. अशाच एका दुपारीं आमच्या वर्गांतील एका मुलाचे वडील मजकडे आले. त्यांनीं दोन वर्षांपूर्वीं एक जुना संगणक विकत घेतला होता व त्यावर मुलगा आणि त्याची थोरली बहीण अशीं दोघेंहि अभ्यास करीत असत. परंतु आतां तें यंत्र सुरू केल्यावर वीस मिनिटांच्या आंत आपोआप बंद पडूं लागलें होतें. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा होता. तो दोन वेळां अर्ध्यावरच नाहींसा झाला. दुरुस्ती करणाऱ्याने यंत्र न उघडतांच नवें घेण्याचा सल्ला दिला, आणि नव्याची किंमत ऐकून हे गृहस्थ चिंतेंत पडले. “मास्तर, हें मोडींत घालूं काय?” असें त्यांनीं विचारिलें.

मी म्हटलें, आधीं उघडून तर पाहूं.

संगणकाचें सारें गणित ज्या लहानशा चौकोनी तुकड्यांत होतें त्यास प्रोसेसर म्हणतात. घरगुती संगणकांतील साधा प्रोसेसर कामाच्या भरांत सुमारें ६५ वॅट उष्णता बाहेर टाकतो. हा आंकडा लहान वाटेल. कारण आपली इस्त्री १,००० वॅटची असते. परंतु इस्त्रीचा तळ सुमारें २०० चौरस सेंटिमीटर असतो, आणि प्रोसेसरच्या आंतील खरा तापणारा तुकडा एक-दोन चौरस सेंटिमीटरच. तेव्हां जागेच्या मानानें पाहतां तो इस्त्रीहून कित्येक पट अधिक तापट ठरतो. ही उष्णता काढून नेण्यासाठीं त्याच्या माथ्यावर पातळ पात्यांचा एक धातूचा ठोकळा बसवितात व त्यावर पंखा ठेवितात. उष्णता सुमारें १०० अंशांच्या घरांत गेली, कीं यंत्र प्रथम आपला वेग कमी करतें आणि तरीहि भागलें नाहीं तर स्वतःस बंद करून घेतें. म्हणजे बंद पडणें हा त्याचा रोग नव्हे, तो जीव वांचविण्याचा उपाय होय.

हा प्रकार आपल्या परिसरास नवा नाहीं. खोपोलीचें वीजगृह १९१५ सालीं सुरू झालें आणि आपल्या तालुक्यांतील भिवपुरीचें १९२२ सालीं. घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी नळांतून खालीं येतें व यंत्रें फिरवितें हें आपण सहलींत पाहतों. पण अशा ठिकाणीं जे मोठे ट्रान्सफॉर्मर असतात त्यांच्या तांब्याच्या वेटोळ्या तेलांत कां बुडविलेल्या असतात, याचा विचार फारसें कोणी करीत नाहीं. तेल विजेस अडवितें हें एक कारण. दुसरें असें कीं, तें फटीफटींत शिरून तेथील हवा हांकलून देतें आणि वेटोळ्यांची उष्णता उचलून बाहेरच्या पत्र्यापर्यंत नेतें. कर्जत स्थानकांत घाट चढविण्यासाठीं गाडीच्या मागें जोडावयाचीं इंजिनें उभीं असतात, त्यांच्या पोटांतील पंख्यांचा घोंघाटहि याच कामाचा.

आतां मुख्य प्रश्न. प्रोसेसरचा माथा गुळगुळीत, ठोकळ्याचा तळहि गुळगुळीत. मग मध्यें लेप कशास? आईस भाकरी भाजतांना पाहा. तांदळाची भाकरी तव्यावर टाकतांना खालीं हवा राहिली तर तेवढा डाग कच्चा राहतो, बाकीची भाकरी मात्र खरपूस होते. तवा सर्वत्र सारखाच तापलेला असतो. आड येते ती हवा. डोळ्यांस गुळगुळीत दिसणाऱ्या धातूवरहि सूक्ष्म खांचखळगे असतात, आणि दोन पृष्ठें एकमेकांस थोड्याच ठिकाणीं खरोखर टेकतात. उरलेल्या जागेंत हवा कोंडून राहते.

हवा किती वाईट वाहक आहे तें पाहा. हवेची उष्णता वाहण्याची शक्ति १ धरली, तर पेट्रोलियम जेलीची सात-आठ, पाण्याची सुमारें २३, ॲल्युमिनियमची सुमारें ९,००० आणि तांब्याची सुमारें १५,००० भरते. बाजारांतील साध्या पांढऱ्या लेपाची सुमारें ४०. लेप तांब्याच्या पासंगासहि पुरत नाहीं. त्याची स्पर्धा तांब्याशीं नसून हवेशीं आहे, हें ज्यास समजलें त्यास हा सर्व विषय समजला.

वरच्या वर्गांतील मुलांनीं पुढील उदाहरण स्वतः सोडवून पाहावें. प्रोसेसरचा माथा १० चौरस सेंटिमीटर, उष्णता ६५ वॅट, आणि मधली फट ०.०५ मिलिमीटर, म्हणजे साधारण केसाच्या जाडीची. फटींत केवळ हवा असेल तर तेवढ्याशा जागेंत सुमारें १२५ अंशांचा फरक पडावा लागतो. जेली असेल तर १६ अंशांचा. साधा लेप असेल तर ३ अंशांच्या थोडा वर. प्रत्यक्षांत धातू कांहीं ठिकाणीं टेकलेला असल्यानें हवेचा आंकडा इतका भयंकर नसतो, पण दिशा तीच. आणखी एक गंमत अशी कीं, तोच चांगला लेप ०.२ मिलिमीटर जाड थापला तर फरक १३ अंशांवर जातो. लोणी लावावें तसा लेप लावणारे उत्साही लोक येथेंच फसतात.

असो. यंत्र उघडलें तों जुना लेप वाळून पोपडे झालेला, आणि त्यावर एक हिरवट थर! चिरंजीवांनीं कोणाचें तरी ऐकून दंतमंजनाची पेस्ट भरली होती. “पहिले चार दिवस छान चाललें होतें,” असें तो खालीं मान घालून म्हणाला. तें खोटें नव्हतें. त्या पेस्टमध्यें पाणी असतें, आणि पाणी हवेपेक्षां पुष्कळ बरें. परंतु प्रोसेसरच्या उष्णतेनें तें पाणी उडून गेलें, मागें खडूसारखी पूड राहिली, तिला भेगा पडल्या आणि भेगांत पुन्हां हवा. शिवाय तिच्यांतील क्षार ओले असतां धातूस गंज चढवूं शकतात.

मुलाची उत्सुकता मारूं नये म्हणून मी त्यास घरीं लेप करावयास शिकविलें. झिंक ऑक्साइड ही जस्ताची पांढरी पूड औषधांच्या दुकानीं मिळते. अंगाच्या खाजेवर लावतों त्या गुलाबी कॅलामाइनमध्यें तीच असते आणि वैद्यांचें यशदभस्महि बहुतांशीं तेंच. वजनानें तीन भाग पूड व एक भाग पेट्रोलियम जेली घेऊन कांचेवर चमच्याच्या पाठीनें घोटावें. पूड थोडथोडी घालावी आणि बोटांत कण लागणार नाहीं इतकें घोटावें. दहा-पंधरा मिनिटें सहज लागतात. पूड नाकांत जाऊं नये म्हणून तोंडास रुमाल बांधावा व मागाहून हात साबणानें धुवावे. पेन्सिलीच्या शिशाची किंवा ॲल्युमिनियमची भुकटी मात्र कदापि घालूं नये. त्या विजेच्या वाहक आहेत. एक कण सांडून दोन तारांमध्यें पडला तर सारें यंत्र एका क्षणांत निकामी होईल.

लेप तयार झाल्यावर प्रथम त्याची परीक्षा संगणकावर घेऊं नये. सपाट तळाचे दोन सारखे डबे घ्यावे व एका जाड लोखंडी पाटावर ठेवावे. एकाच्या तळाशीं लेपाचा पातळ थर, दुसरा कोरडा. दोहोंत सारखेंच गरम पाणी ओतून दर पांच मिनिटांनीं तापमापक पाहावा. लेपावरील पाणी लवकर निवतें. आम्हीं हा प्रयोग शाळेच्या व्हरांड्यांत केला तेव्हां धाकट्या वर्गांतील मुलांनीं कोरडा डबा जिंकणार म्हणून पैज लाविली होती.

मग संगणकाची वीज तोडून, खटका बंद करून नव्हे तर वायर भिंतींतून काढून, आम्हीं जुना थर स्पिरिटच्या फडक्यानें पुसला, मध्यभागीं वाटाण्याएवढा लेप ठेविला आणि ठोकळा सरळ दाबून समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीनें आवळले. यंत्र त्या दिवशीं तीन तास चाललें. मुलीचा अर्ज संध्याकाळपर्यंत रवाना झाला.

पण हें उत्तर कायमचें नव्हतें, आणि तें मीं त्यांस त्याच दिवशीं बजाविलें होतें. पेट्रोलियम जेली ४० ते ६० अंशांच्या दरम्यान वितळते, आणि काम करणारा प्रोसेसर त्याहून सहज वर जातो. गणपतीच्या सुटींत उघडून पाहिलें तेव्हां ठोकळ्याच्या कडेनें तेलकट ओघळ आले होते व मध्यें पूड कोरडी पडूं लागली होती. बाजारी साध्या लेपांतहि बहुधा हीच पूड असते. फरक एवढाच कीं, ती जेलीऐवजीं सिलिकोनच्या तेलांत घोटलेली असते, आणि तें तेल इतक्या उष्णतेस पातळ होऊन वाहत नाहीं किंवा लवकर वाळतहि नाहीं. त्याची एक लहान नळी जेवणाच्या एका ताटाच्या किंमतींत येते आणि तीन-चार वेळां पुरते.

ती नळी वडिलांनीं कल्याणहून आणिली. लेप मुलीनें लाविला, स्क्रू मुलानें आवळले. उरलेली नळी टोपण घट्ट लावून त्यांच्या घरीं देवळींत ठेविलेली आहे, आणि त्या आळींतील दुसरे दोन संगणक तिच्यावर दुरुस्त झाले आहेत.